नमुना किती मोठा हवा? त्याआधी: नमुन्यात कोण येऊच शकत नाही?

नितळ (धागाकर्ती)

सामाजिक शास्त्रांतले संशोधन आराखडे वाचायचं काम माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यात नमुन्याबद्दल साधारण दोन वाक्यं सापडतात. पहिल्यात एक आकडा, दुसऱ्यात 'यादृच्छिक पद्धतीने निवड केली जाईल', म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी. निवड कोणत्या यादीतून होणार, कोण करणार, दार बंद असलं तर पुढे काय, याचा उल्लेख नसतो. मुलं मेहनती असतात, महिनोन्महिने फिरतात, आणि हाती आलेल्या माहितीवरून नेमकं कोणाबद्दल बोलता येईल हे शेवटपर्यंत ठरत नाही. याचं वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढते आहे.

आकडा मोठा म्हणजे नमुना चांगला, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. तेवीस लाखांच्या आसपास भरून परत आल्या. आजच्या मतचाचण्यांतही एवढा नमुना सहसा कोणी घेत नाही. त्यावरून त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन यांना ५७ टक्के मतं मिळतील असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट जवळपास ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. पत्ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले होते, आणि महामंदीच्या काळात फोन किंवा मोटार बाळगणारा माणूस सरासरीपेक्षा बऱ्या परिस्थितीतला होता. शिवाय पाव भागसुद्धा मतपत्रिका परत आल्या नाहीत, आणि ज्यांनी पाठवल्या ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. त्याच वर्षी मतचाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी याच्या कितीतरी पट लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

मात्र गॅलपची पद्धतही निर्दोष नव्हती. ते कोटा पद्धत वापरत: इतक्या स्त्रिया, इतके पुरुष, अमुक वयाचे इतके. कोट्याच्या आत कोणाला गाठायचं हे मुलाखतकारावर सोडलेलं. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी डेव्ही जिंकणार असं सांगितलं आणि ट्रुमन जिंकले. शेवटच्या आठवड्यांत पाहणी थांबवली होती हे एक कारण, आणि मुलाखतकाराच्या हाती राहिलेली निवड हे दुसरं. माणूस आपोआप भेटायला सोप्या, बोलक्या, नीटनेटक्या माणसांकडे वळतो.

तर चर्चा दोन गोष्टींवर व्हावी: नमुना कसा निवडता, आणि प्रश्नावली कशी बांधता. चालू काम असेल तर इथे मांडा.

कंदील

नितळताई, धागा अगदी वेळेवर आला. माझा पीएचडीचा विषय 'शहरी ज्येष्ठ नागरिकांचा मोबाइलवापर आणि एकटेपणा'. गूगल फॉर्म तयार करून ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, त्यांनी पुढे पाठवला. दोनशेच्या वर उत्तरं आली आहेत. मार्गदर्शक म्हणतात ३८४ पूर्ण करा. आराखड्यात 'सोयीस्कर यादृच्छिक नमुना' असं लिहिलं आहे. चालेल का? आणि उरलेली उत्तरं कशी मिळवू?

दशांश

कंदील, आधी त्या ३८४ चं मूळ सांगतो.

१.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. यातलं १.९६ हे ९५ टक्के विश्वासपातळीचं, ०.०५ म्हणजे तुम्ही मान्य केलेली अधिक-उणे ५ टक्क्यांची चूक, आणि ०.२५ हे ५०-५० अशा सर्वांत वाईट विभागणीचं. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात हेच गणित आहे. समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं ती सगळी माणसं, १,००० ची असेल तर नमुना २७८, १ लाखाची असेल तर ३८३, दहा लाखांची असली तरी ३८४. समष्टी वाढली म्हणून नमुना त्या प्रमाणात वाढत नाही, हे बऱ्याच जणांना पटायला जड जातं.

आता मुख्य मुद्दा. हे सूत्र एका अटीवर उभं आहे: समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी होती. तुमचा फॉर्म मोबाइलवरून मोबाइलवर गेला. जे मोबाइल वापरत नाहीत त्यांना संधी शून्य. म्हणजे मोबाइलवापराच्या अभ्यासातून मोबाइल न वापरणारे सगळे बाहेर, आणि वापरणाऱ्यांपैकीही ज्यांना ग्रुपवर कोणी घेतलेलंच नाही ते बाहेर. एकटेपणा नेमका तिथे शोधायचा आहे. ३८४ काय, ३,८४० झाले तरी ही भोकं बुजणार नाहीत.

आणि सोयीस्कर यादृच्छिक असा नमुना नसतो. एकतर सोयीस्कर, म्हणजे जो सहज हाती येईल तो, नाहीतर यादृच्छिक.

रुजवण

मग भारांकन करून दुरुस्त करता येणार नाही का? जनगणनेतून वय, लिंग, शिक्षण यांचं प्रमाण घ्यायचं आणि उत्तरांना तसे भार द्यायचे. मोठमोठ्या ऑनलाइन पाहण्या हेच करतात.

दशांश

काही अंशी. सत्तरीपुढच्या कमी शिकलेल्या स्त्रिया नमुन्यात कमी असतील तर ज्या आहेत त्यांना जास्त भार देता येतो. पण ज्या आहेत त्या मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्या आहेत. त्यांच्याच वयाच्या आणि शिक्षणाच्या, पण मोबाइल नसलेल्या स्त्रीचं उत्तर त्यांच्यासारखंच असेल असं गृहीत धरावं लागतं, आणि इथे तर तोच अभ्यासाचा प्रश्न आहे. शून्य संधी असलेल्याला कितीही भार दिला तरी तो शून्यच राहतो.

अनाहूत

थोडा वेगळा सूर लावतो. इथे सगळं यादृच्छिक निवडीकडे सरकतंय, पण प्रत्येक प्रश्नाला ती लागत नाही. 'किती टक्के ज्येष्ठ एकटे आहेत' हा एक प्रश्न झाला. 'एकटेपणा मोबाइलमुळे कसा बदलतो, माणसं त्याबद्दल काय सांगतात' हा दुसरा. दुसऱ्यासाठी हेतुपूर्वक निवडलेली पंचवीस-तीस माणसं, प्रत्येकाशी दीड-दोन तास बोलणं, नवीन काही निघेनासं होईपर्यंत. यात कमीपणा नाही. चुकतं कुठे, तर अशा नमुन्यावर टक्केवारी काढून 'शहरातील ६० टक्के ज्येष्ठ' असं लिहितात तिथे.

काही समष्टींची यादीच नसते: बेघर माणसं, अमली पदार्थ वापरणारे, कागदपत्रं नसलेले स्थलांतरित. तिथे एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा हिमगोल नमुना घ्यावा लागतो. हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये त्याला शिस्त लावली: प्रत्येकाला मोजकी कूपनं द्यायची, त्याच्या ओळखीचं वर्तुळ किती मोठं आहे हे विचारायचं आणि विश्लेषणात ते धरायचं. मोठं वर्तुळ असलेला माणूस साखळीत सापडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून. कंदील यांचा व्हॉट्सअ‍ॅपचा प्रवास असा हिमगोलच होता, फक्त कोण कोणाकडून आलं याची नोंद नाही.

दशांश

अनाहूत, मान्य. माझा आक्षेप इतकाच की सोयीस्कर नमुन्यावर काय-वर्ग चाचणी (फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे पाहणारं गणित) लावून 'सार्थ फरक आढळला' लिहिणाऱ्यांनी त्याचा अर्थ कोणापुरता हे सांगावं. संधी माहीत नसेल तर प्रमाणत्रुटीला, म्हणजे नमुन्यामुळे अंदाज किती हलू शकतो त्या मापाला, आधार उरत नाही.

पायवाट

पाहण्यांच्या कामात मी अन्वेषकांच्या, म्हणजे दारोदार जाऊन माहिती घेणाऱ्यांच्या, टोळ्या सांभाळते. कागदावरची यादृच्छिक निवड दारात कशी सांडते ते लिहिते.

'प्रत्येक दहावं घर' असं सांगितलं की पहिली गोष्ट, सुरुवात कुठून? अन्वेषक रस्त्याच्या तोंडाशी उतरतो आणि तिथूनच मोजतो. आतली, मागची, एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर जावं लागतं अशी घरं राहून जातात. लसीकरणाच्या पाहणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची जुनी ३० समूह आणि प्रत्येकात ७ मुलं अशी पद्धत प्रसिद्ध आहे. तिच्यात वस्तीच्या मध्यावर बाटली फिरवून दिशा ठरवायची, त्या दिशेतलं एक घर चिठ्ठीनं निवडायचं आणि पुढे जवळचं घर घेत जायचं. झटपट होते, पण मध्याजवळच्या घरांना जास्त संधी मिळते आणि कडेची घरं मागे पडतात. आम्ही शक्य तिथे आधी घरांची यादी आणि ढोबळ नकाशा करतो, निवड कार्यालयात होते आणि अन्वेषकाला नेमके घरक्रमांक मिळतात. एक जादा दिवस जातो, पण 'हे घर सोडून ते घे' ही सोय बंद होते.

दुसरी गोष्ट, बंद दार. शेजारचं घर बदली घेतलं की नमुन्यात दिवसा घरी असणारी माणसं भरतात. आमचा नियम वेगवेगळ्या वेळांना किमान तीन फेऱ्या, त्यात एक संध्याकाळी आणि एक सुट्टीच्या दिवशी. तरीही नाही भेटलं तर 'भेट झाली नाही' अशी नोंद. नकार वेगळा, बंद घर वेगळं, अपात्र घर वेगळं. हे संकेतांक नसतील तर प्रतिसादाचं प्रमाण काढताच येत नाही.

तिसरी गोष्ट, घरातलं कोण? दार उघडतो तो उत्तरदाता, असं धरलं की संपलं. किश यांनी १९४९ मध्ये यासाठी तक्ता दिला: घरातल्या पात्र व्यक्ती ठरावीक क्रमानं लिहायच्या आणि तक्ता सांगेल तिचीच मुलाखत घ्यायची. ती बाहेर असेल तर परत जायचं.

दशांश

पायवाट यांच्या तिसऱ्या मुद्द्याला पुरवणी. एका घरात दोन ज्येष्ठ असतील आणि एकच निवडला तर त्याला संधी निम्मी मिळाली. एकट्या राहणाऱ्याला पूर्ण. भार न देता सरासरी काढली तर एकटे राहणारे जास्त मोजले जातात. एकटेपणाच्या अभ्यासात हा फरक अंगावर येईल.

कंदील

हे वाचून रात्री झोप लागली नाही, पण बरं झालं आत्ताच कळलं. आलेली उत्तरं पूर्वचाचणीसाठी वापरेन आणि नमुना नव्यानं घेईन. ज्येष्ठांची यादी कुठे मिळणार? ज्येष्ठ नागरिक संघांकडे सदस्यांची यादी आहे.

नितळ

संघात जाणारा माणूस चालता-फिरता आणि माणसांत मिसळणारा असतो. ती चौकट, म्हणजे निवडीची यादी, घेतलीत तर एकटे पडलेले पुन्हा बाहेर. मतदारयादी पाहा. तिच्यात वय असतं. नुकते राहायला आलेले सुटतात आणि वारलेल्यांची नावं राहून जातात, पण या उणिवा कोणत्या ते ठाऊक असतं आणि प्रबंधात लिहिता येतं.

दशांश

मतदारयादीवर दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात यादीचे भाग निवडायचे, साठीपुढच्या मतदारांच्या संख्येच्या प्रमाणात संधी देऊन. दुसऱ्यात प्रत्येक निवडलेल्या भागातून सारख्याच संख्येनं माणसं. मोठ्या भागाला पहिल्या टप्प्यात जितकी जास्त संधी, तितकी त्यातल्या माणसाला दुसऱ्या टप्प्यात कमी. दोन्हीचा गुणाकार सगळ्यांसाठी सारखा येतो. आणि माणूस थेट यादीतून निवडला जात असल्यानं वरचा निम्म्या संधीचा प्रश्नही उरत नाही.

किती भाग, किती माणसं? एका भागातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे त्यांच्याकडून मिळणारी माहिती थोडी पुनरुक्त असते. त्याचा हिशेब: १ + (दर भागातली माणसं उणे १) गुणिले भागांतर्गत सहसंबंध. हा सहसंबंध ०.०५ धरू. २० भागांत २०-२० माणसं घेतली तर १ + १९ × ०.०५ = १.९५. ४०० ला या आकड्यानं भागलं की कळतं, त्या मुलाखती साध्या यादृच्छिक नमुन्यातल्या २०५ इतक्याच कामाच्या. तेच ४० भागांत १०-१० घेतली तर १.४५, आणि ४०० चे २७६ होतात. पायपीट वाढते, मुलाखती तेवढ्याच. परवडत असेल तर भाग वाढवा, दर भागातली माणसं कमी करा.

पायवाट

+१. पण चाळीस भाग एकट्या विद्यार्थ्याला झेपतात का, याचाही विचार व्हावा.

कंदील

तीस भाग झेपतील असं वाटतं. आता प्रश्नावली. काही प्रश्न टाकते, निःसंकोच सांगा.

३. वय: ६०–६५ / ६५–७० / ७०–७५ / ७५ च्या पुढे
७. मोबाइलमुळे तुमचा एकटेपणा किती कमी झाला?
८. मुलं व नातवंडं तुमच्याशी नियमित बोलतात का? होय / नाही
११. तुम्ही दिवसातून किती तास मोबाइल वापरता?
१५ ते २४. पुढील विधानांशी तुम्ही किती सहमत आहात? (दहा विधानं, सगळी मोबाइलच्या फायद्याची)

नितळ

वयाचं सोपं आहे. ६५ वर्षांच्या माणसानं कुठे खूण करायची? पूर्ण झालेलं वय आकड्यात विचारा, गट नंतर पाडा.

सातवा प्रश्न उत्तर आधीच देऊन बसला आहे: तुम्ही एकटे आहात, मोबाइलनं परिणाम केला, आणि तो चांगला. शिवाय कारण काय हे उत्तरदात्यालाच ठरवायला लावता. एकटेपणा वेगळा मोजा, मोबाइलवापर वेगळा, दोन्हींचा संबंध विश्लेषणात पाहा. एकटेपणा मोजायला तयार मापनी आहेत. १९७८ ची यूसीएलए मापनी २० विधानांची, आणि तिच्यावरून २००४ मध्ये केलेली तीन प्रश्नांची: सोबतीची उणीव किती वेळा वाटते, बाजूला पडल्यासारखं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. पर्याय क्वचितच, कधीकधी, अनेकदा. 'तुम्ही एकटे आहात का' असं तोंडावर विचारलं की माणूस संकोचतो आणि नाही म्हणतो. हे तीन प्रश्न त्या संकोचाला वळसा घालतात.

आठव्यात दोन प्रश्न कोंबलेत. मुलगा रोज बोलतो, नात कधीच नाही, तर काय लिहायचं? आणि 'नियमित' म्हणजे एकाला रोज, दुसऱ्याला सणाला. 'गेल्या ७ दिवसांत मुलांपैकी कोणाशी किती वेळा बोलणं झालं' असं विचारा, नातवंडांसाठी स्वतंत्र. ज्यांना मूलबाळ नाही त्यांना हे प्रश्न विचारले जाऊ नयेत, अशी गाळणी आधी ठेवा. त्यांच्यापुढे 'होय / नाही' ठेवणं दुखावणारं आहे, आणि त्यांचं 'नाही' मोजताना वेगळ्याच ढिगात जाईल.

दशांश

आठवणीच्या कालावधीबद्दल एक मोठं उदाहरण. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५ व्या फेरीत (१९९९-२०००) रोजच्या वापराच्या वस्तूंवरचा खर्च त्याच घराला ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा, असा दोन्ही विचारला. आधीच्या प्रायोगिक फेऱ्यांत वेगवेगळ्या घरांना विचारल्यावर ७ दिवसांची पद्धत बरीच जास्त खर्च दाखवत होती. ५५ व्या फेरीत दोन्ही रकाने शेजारी आले आणि दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ सरकले. एक उत्तर दिलं की माणूस दुसरं त्याच्याशी जुळवून घेतो. त्या फेरीवरून काढलेलं दारिद्र्याचं प्रमाण आधीच्या फेऱ्यांशी ताडता येतं का, यावर अर्थतज्ज्ञ कितीतरी वर्षं भांडले. प्रश्नावलीतल्या एका रकान्यानं केवढी उलथापालथ झाली!

नितळ

शब्द आणि क्रम यांचंही तसंच. १९४१ मध्ये रग यांनी अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकशाहीविरोधी भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारल्यावर ५४ टक्के हो म्हणाले. दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांना परवानगी द्यावी का? ७५ टक्के नाही म्हणाले. 'बंदी' शब्द तोंडातून काढणं लोकांना जड जातं. क्रमाचं उदाहरण १९४८ मधलं: कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना अमेरिकेत येऊन वार्तांकन करू द्यावं का? हा प्रश्न आधी विचारला तेव्हा ३६ टक्के हो म्हणाले. अमेरिकन पत्रकारांना रशियात जाऊ द्यावं का, हे आधी विचारून मग तोच प्रश्न विचारला तेव्हा ७३ टक्के. आपल्याला हवं ते दुसऱ्याला नाकारणं अवघड होतं. म्हणून कंदील, एकटेपणाचे प्रश्न मोबाइलच्या प्रश्नांआधी ठेवा.

ती दहा विधानं पूर्ण काढा असं माझं मत आहे. सहमतीच्या विधानांना, त्यातून मोठ्या वयाचे आणि सभ्य लोक, 'हो हो' म्हणत जातात. निम्मी विधानं उलटी करा असा सल्ला सर्रास मिळतो, पण उलट्या विधानाशी 'असहमत' म्हणजे नेमकं काय, यात माणसं अडखळतात. त्यापेक्षा थेट प्रश्न: व्हिडिओ कॉल करायला तुम्हाला कोणाची मदत लागते? कधीच नाही, कधीकधी, नेहमी.

अनाहूत

पूर्वचाचणीत नुसती उत्तरं घेऊ नका. आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, 'हे तुम्ही कसं मोजलंत?' अकराव्या प्रश्नावर लगेच कळेल: कोणी फोनवरचं बोलणं धरेल, कोणी फक्त व्हिडिओ, कोणी कानाला लावून भजनं ऐकतो तो वेळ धरेल, कोणी मुळीच धरणार नाही.

कंदील

हे सगळं वहीत उतरवलं आहे. अकरावा प्रश्न आता असा केला: 'काल तुम्ही मोबाइल यातल्या कशासाठी वापरला?' आणि खाली सात कामं, प्रत्येकापुढे होय किंवा नाही. एकच अडचण. काही ज्येष्ठांना कमी ऐकू येतं, काहींची स्मृती मंदावलेली असते. घरचे म्हणतात, आम्हीच सांगतो उत्तरं.

पायवाट

ऐकण्याची अडचण असेल तर पर्याय मोठ्या अक्षरांत छापलेली कार्डं हातात द्या. वाचता येत नसेल तर मुलाखत सावकाश घ्या, दोन बैठकींत घ्या. स्मृतीचा प्रश्न असेल तर वय, लिंग, घरात कोण राहतं एवढं घरच्यांकडून घ्या, आणि एकटेपणाचे प्रश्न रिकामे ठेवून 'उत्तर देऊ शकत नाही' असा वेगळा संकेतांक लिहा. मुलानं सांगितलेला आईचा एकटेपणा हा मुलाचा अंदाज आहे. मुलाखतीत कोणी शेजारी बसलं होतं का, याचाही एक रकाना प्रश्नावलीच्या शेवटी ठेवा आणि तो अन्वेषकानं बाहेर आल्यावर भरावा, समोर बसून नाही.